बिऱ्हाड पाठीवर घेतलेला प्रोग्रॅम

फाइल डोळ्यांसमोर आहे. यादीत तिचं नाव दिसतं, आकार दिसतो, चालवायची परवानगीही दिसते. नाव टाइप करून एंटर दाबलं की लिनक्सचं उत्तर येतं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अशी फाइलच नाही म्हणे. परत यादी काढली, तर फाइल जागच्या जागी.

अमेरिकेत शिकायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात हे कोडं माझ्या वाट्याला आलं. खोलीवरच्या लॅपटॉपवर सी भाषेत एक चिमुकला प्रोग्रॅम केला होता. काम एवढंच, की पडद्यावर 'नमस्कार' छापायचं. लॅपटॉपवर तो बिनतक्रार चालत होता. प्रयोगशाळेतल्या एका काटछाट केलेल्या लिनक्सवर नेला आणि हे उत्तर मिळालं. तासभर मी फाइलचं नाव अक्षर-अक्षर तपासत बसले. नावात चूक नव्हती आणि यंत्रही खोटं बोलत नव्हतं. जी सापडत नव्हती ती फाइल माझी नव्हतीच. माझ्या फाइलच्या पोटात दुसऱ्याच एका फाइलचा पत्ता लिहिलेला होता, आणि त्या पत्त्यावर इथे कोणी राहत नव्हतं.

झालं होतं ते असं. माझा प्रोग्रॅम होता साधारण सोळा केबीचा, आणि त्यात माझ्या स्वतःच्या आज्ञा मूठभर. छापण्याचं खरं काम करणारं 'प्रिंटएफ' राहतं सी लायब्ररीत. ती लायब्ररी संगणकावर एकच असते आणि शेकडो प्रोग्रॅम तिच्यावरच भागवतात. जुन्या वाड्यात चौकात एकच नळ असायचा, तसं. घरात नळ नाही म्हणून कुणाचं अडत नव्हतं, कारण चौकात पाणी असणार हे गृहीतच होतं. यालाच डायनॅमिक लिंकिंग म्हणतात. प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार हाती असलेला गाभा, फाइल उघडतो. आत एक चिठ्ठी असते: 'मला आधी अमुक लोडरच्या हाती द्या.' तो लोडर लायब्ररी शोधतो, स्मृतीत आणतो, दोघांची गाठ घालून देतो, आणि त्यानंतर कुठे माझी पहिली आज्ञा चालते. प्रयोगशाळेतल्या लिनक्सवर सी लायब्ररी निराळ्या घराण्यातली होती आणि तिच्या लोडरचं नावही निराळं. कर्नलने चिठ्ठीतला पत्ता शोधला, मिळाला नाही, 'फाइल नाही' असं कळवलं. ते उत्तर पडद्यावर आणणाऱ्या शेलने त्याला माझ्या फाइलचं नाव चिकटवून टाकलं.

उपाय निघाला एका शब्दाचा. कंपाइल करण्याच्या आज्ञेत '-स्टॅटिक' एवढं वाढवलं. फाइल सोळा केबीवरून आठशे केबीच्या आसपास गेली, आणि चालली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं या फाइलने लागणारं सगळं पाठीवर घेतलं होतं. आता वाड्यात नळ असो वा नसो.

एका 'नमस्कार'साठी आठशे केबी कशाला लागतात, हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

त्याचा माग काढत गेलं की माणूस पोचतो १९५० च्या सुमाराच्या अमेरिकेत, ग्रेस हॉपर यांच्यापाशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या अमेरिकी नौदलातर्फे हार्वर्डमध्ये मार्क-१ या यंत्रावर काम करत होत्या. साइन काढायचा आहे, वर्गमूळ काढायचं आहे, असले आज्ञांचे तयार तुकडे त्या आणि त्यांचे सहकारी वह्यांत लिहून ठेवत आणि लागेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना एक कटकट असे. वहीतला तुकडा जणू तोच प्रोग्रॅमच्या आरंभी बसणार आहे, असं धरून लिहिलेला असे. तो दुसरीकडे बसवायचा, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवत जावं लागे. बेरीज करणं आणि नक्कल उतरवणं या दोन्हींत माणूस कच्चा, हे हॉपर पुढे आपल्या भाषणांतून सांगत असत. मग हे काम यंत्रालाच का देऊ नये?

युद्धानंतर त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. युनिव्हॅक-१ हे यंत्र तिथलं. पहिलं यंत्र १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याने घेतलं. स्मृती किती, तर हजार शब्द, शब्दाला बारा अक्षरं. या यंत्रासाठी १९५२ मध्ये हॉपर यांनी 'ए-०' हा प्रोग्रॅम तयार केला. चुंबकीय फितीवर तयार तुकडे, प्रत्येकाला एक क्रमांक. तुम्ही कोणते क्रमांक हवेत ते सांगायचं. 'ए-०' ते तुकडे फितीवरून उचलणार, एकापुढे एक मांडणार, पत्त्यांच्या बेरजा करणार आणि एकसंध प्रोग्रॅम हाती देणार. या प्रोग्रॅमला त्यांनी 'कंपायलर' म्हटलं. आज आपण त्या शब्दाने भाषांतर करणारा प्रोग्रॅम समजतो, पण हॉपर यांच्या मनातला अर्थ विखुरलेले तुकडे गोळा करण्याचा होता. मराठी परिभाषेने त्याला 'संकलक' म्हटलं तेव्हा नकळत तो मूळ अर्थ जपला गेला, याचा मला फार आनंद वाटतो. 'ए-०' जे करत होता तेच आज लिंकर करतो. माझ्या '-स्टॅटिक'ने यंत्राला ७० वर्षांपूर्वीचंच काम सांगितलं होतं.

लिंकरचं हे काम अगदी जवळून पाहण्याजोगं आहे. माझा प्रोग्रॅम कंपाइल झाला की 'प्रिंटएफला बोलाव' या जागी इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठी पाच बाइट उमटतात. पहिला बाइट 'ई८', म्हणजे 'तिकडे जाऊन काम करून ये'. पुढचे चार बाइट शून्य. 'तिकडे' म्हणजे कुठे, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. शेजारी एक टिपण असतं: 'या चार बाइटांत प्रिंटएफचा ठावठिकाणा भरावा.' आता लिंकर येतो. त्याच्यापुढे लायब्ररीचं फडताळ असतं, हजाराहून जास्त खणांचं. प्रत्येक खणात एखादं-दुसरं फंक्शन. तो प्रिंटएफचा खण उचलतो, तर त्याच्याही पोटात अशाच रिकाम्या जागा आणि टिपणं. ती भरायला आणखी खण. कशाचीच गरज उरली नाही की सगळे खण ओळीने मांडून प्रत्येकाला पत्ता देतो. मग माघारी येऊन त्या चार शून्यांच्या जागी किती बाइट पुढे किंवा मागे जायचं तो आकडा लिहितो. हॉपर यांच्या वहीतली बेरीजच ही.

आठशे केबींचं उत्तरही या फडताळात आहे. ग्नूची सी लायब्ररी, जिला जीलिबसी म्हणतात, तिचं प्रिंटएफ नुसतं छापत नाही. दशांश चिन्ह टिंब की स्वल्पविराम हे देशाप्रमाणे ठरवतं, रुंद अक्षरं जाणतं, अपूर्णांक अचूक छापतं. त्यातल्या प्रत्येक कौशल्यामागे खणांची रांग आहे. एक ओढला की गोतावळाच निघतो. अमेरिकेतल्याच रिच फेल्कर यांनी २०११ मध्ये 'मसल' नावाची निराळी सी लायब्ररी प्रसिद्ध केली. स्टॅटिक लिंकिंग नीट जमावं हे उद्दिष्ट तिच्यात पहिल्यापासून होतं, म्हणून तिचे खण सुटसुटीत. माझा तोच 'नमस्कार' मसलशी स्टॅटिक जोडला तर शंभर केबीच्या खूप खालीच राहतो.

मग चौकातला नळ आलाच का? कारण जागा महाग होती. कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या ३/५० या यंत्रात १९८० च्या दशकाच्या मध्याला स्मृती होती चार मेगाबाइट. खिडक्यांचं चित्रमय जग सुरू झालं होतं, आणि खिडकी काढणारा प्रत्येक प्रोग्रॅम तेच ते सामान पाठीवर वागवू लागला, तर चार मेगाबाइट भरायला कितीसा वेळ लागणार? १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये सामाईक लायब्ररी आल्या, आणि युनिक्सच्या जगाने तीच वाट धरली.

सामाईक लायब्ररीचा आणखी एक फायदा मोठा आहे आणि स्टॅटिकचं कौतुक करताना तो झाकून ठेवणं बरं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतलं 'हार्टब्लीड' हे भगदाड उघड झालं. सामाईक लायब्ररी वापरणाऱ्यांनी एक फाइल बदलली, सेवा पुन्हा सुरू केल्या, आणि त्या यंत्रावरच्या सगळ्या प्रोग्रॅमांचं भगदाड बुजलं. ज्या प्रोग्रॅमांच्या पोटात तिची प्रत बसली होती, ते एकेक शोधून नव्याने बांधावे लागले. पोटात काय आहे हे बाहेरून दिसतही नाही. २००२ मध्ये झेडलिब या चिमुकल्या लायब्ररीत दोष निघाला तेव्हा हीच शोधाशोध झाली होती. ज्याने बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं ठरवलं, त्याने आत काय-काय भरलं आहे याची यादी जपली पाहिजे आणि एखादी वस्तू नासली की सबंध गाठोडं पुन्हा बांधायची तयारी ठेवली पाहिजे. ती तयारी नसेल, तर मी स्टॅटिकचा सल्ला देणार नाही.

तरीही लोक तिकडे वळतात, कारण नळाचं पाणी दरवेळी लागत नाही. जीलिबसी मागच्यांशी इमान राखते: जुन्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो. उलट मात्र नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिची २.३४ ही आवृत्ती आली आणि 'मेन'ला सुरुवात करून देणाऱ्या अगदी आरंभीच्या फंक्शनवरच नव्या आवृत्तीचा शिक्का बसला. त्यामुळे तिथून पुढच्या यंत्रावर साधा 'नमस्कार' बांधला, नवं काही वापरलं नाही, तरी तो जुन्या यंत्रावर '२.३४ सापडत नाही' म्हणून अडतो. अशा वेळी लोक मुद्दाम सर्वांत जुनं लिनक्स शोधून त्यावर प्रोग्रॅम बांधतात, किंवा सगळं पाठीवर घेतात.

पाठीवर घ्यायचं म्हटलं तरी जीलिबसी सुखासुखी येत नाही. एखाद्या संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता काढायचा, तर ती यंत्राच्या मांडणीप्रमाणे आणखी लायब्ररी ऐन वेळी बोलावते, म्हणजे स्टॅटिक प्रोग्रॅमही शेवटी चौकात बादली घेऊन उभा. लिंकर तसा इशाराही देतो. मसल हे काम स्वतःच्याच पोटात करते. पण २०२३ च्या १.२.४ या आवृत्तीपर्यंत नावं शोधताना तिला टीसीपी या लांब मजकूर पोचवणाऱ्या पद्धतीचा आधार घेता येत नव्हता, त्यामुळे उत्तर फार लांबलचक असलं की ते तिच्या हाती पुरतं येत नसे. साधेपणाचीही किंमत असतेच.

सर्वांत धीट पाऊल टाकलं ते गो या भाषेने. गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन टॉम्पसन यांनी ती घडवली आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ती जगापुढे आली. टॉम्पसन आणि पाइक बेल लॅब्जमधून आलेले. तिथे त्यांच्या चमूने 'प्लॅन ९' ही प्रणाली बांधली होती आणि तिच्यात सामाईक लायब्ररी ठेवल्याच नव्हत्या. गोने लिनक्सवर सी लायब्ररीचा हातच सोडला. प्रोग्रॅम थेट कर्नलशी बोलतो. पुण्यात बसून मॅकवर दोन सेटिंगं बदलायची आणि व्हर्जिनियातल्या लिनक्स सर्व्हरसाठी एकच फाइल बांधून पाठवायची, हे आता रोजचं काम झालं आहे. रिकाम्या कंटेनरात, म्हणजे प्रोग्रॅमला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या खोलीत, जिथे लायब्ररी नाही, शेल नाही, काहीच नाही, ती एकटी फाइल चालते.

काहीच नाही, असं आपण म्हणतो. पण बिऱ्हाड पाठीवर घेतलं तरी पायाखाली जमीन लागतेच. माझा स्टॅटिक 'नमस्कार' शेवटी पडद्यावर उमटतो कसा? पडद्याला हात लावायचा हक्क फक्त कर्नलचा. त्याला विनंती करण्याची रीत अशी: एका रजिस्टरात, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, विनंतीचा क्रमांक ठेवायचा. ६४ बिटांच्या इंटेल लिनक्सवर 'लिही'चा क्रमांक १. दुसऱ्या रजिस्टरात कुठे लिहायचं, नेहमीच्या बाहेरवाटेचा क्रमांकही १. तिसऱ्यात अक्षरं कुठे ठेवली आहेत तो पत्ता. चौथ्यात लांबी: 'नमस्कार'मध्ये जोडाक्षराचा पाय मोडणारं चिन्ह आणि काना धरून सात चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, झाले २१, आणि ओळ संपवणारा एक, एकूण २२. मग दोन बाइटांची एक आज्ञा, आणि कर्नल जागा होतो. आठशे केबी असोत की आठ, शेवटी वेशीवर हेच चार आकडे जातात. स्टॅटिक प्रोग्रॅम टिकतो तो या क्रमांकांच्या भरवशावर. वापरकर्त्यांचे चालते प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे आणि त्यावर ते कुणाचं ऐकून घेत नाहीत.

या क्रमांकांचं वय पाहिलं तेव्हा मी चकित झाले. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका काढली ती नोव्हेंबर १९७१ मध्ये. तिच्यात विनंत्यांना क्रमांक आहेत: बाहेर पडणे १, नवी प्रक्रिया २, वाचणे ३, लिहिणे ४, उघडणे ५, मिटणे ६. वीस वर्षांनी हेलसिंकीत लिनक्स लिहिलं गेलं, त्यात हेच आकडे. ३२ बिटांच्या इंटेल लिनक्समध्ये लिहिणे आजही ४. फ्रीबीएसडीतही ४. आयफोनच्या आणि मॅकच्या गाभ्यातही ४; इंटेल मॅकवर त्याच्या वर एक गटदर्शक आकडा चढवला आहे, तो बाजूला काढला की खाली तोच. ६४ बिटांच्या इंटेल लिनक्सने क्रमांक नव्याने आखले, म्हणून तिथे १ झाला, आणि नेमका तो अपवाद माझ्या प्रोग्रॅमच्या वाट्याला आला होता.

पण आकडा तोच असणं वेगळं आणि तो तसाच राखू असं वचन देणं वेगळं. ॲपलने वचन दिलं आहे ते आपल्या सिस्टिम लायब्ररीच्या पातळीवर. गोचे प्रोग्रॅम मॅकवरही थेट कर्नलशी बोलत होते. २०१६ मध्ये सिएरा ही आवृत्ती येताना वेळ विचारण्याच्या विनंतीची आतली रीत बदलली आणि आधी बांधलेले गो प्रोग्रॅम कोसळू लागले. २०१८ मध्ये गोने मॅकवर मुकाट्याने ॲपलच्या लायब्ररीतून बोलायला सुरुवात केली. विंडोजवर तर कर्नलचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. तिथे भरवसा धरायचा तो विंडोजच्या सामाईक लायब्ररींवर, म्हणजे डीएलएलवर. त्यामुळे बिऱ्हाड कुठवर न्यायचं हे ज्याच्या-त्याच्या जमिनीवर ठरतं.

मग तीनही जमिनींवर चालणारी एकच फाइल अशक्यच म्हणायची. पण अमेरिकेतल्या जस्टीन टनी यांनी २०२० मध्ये ती करून दाखवली. त्यांच्या लायब्ररीचं नाव कॉस्मोपॉलिटन. तिने बांधलेली तीच फाइल लिनक्सवर चालते, मॅकवर चालते, विंडोजवर चालते. हे कसं, ते फाइलच्या पहिल्या आठ अक्षरांत दिसतं: रोमन मोठे एम आणि झेड, लहान क्यू, मोठा एफ, लहान पी, मोठा डी, मग बरोबरचं चिन्ह, मग एकेरी अवतरणचिन्ह.

विंडोज पहिली दोनच अक्षरं पाहतं. एम-झेड ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. डॉसच्या चालत्या फाइलींचा साचा त्यांनी आखला आणि तेव्हापासून प्रत्येक 'ईएक्सई'च्या कपाळावर ती आहेत. विंडोज म्हणतं, ही माझीच. युनिक्सचा शेल तीच ओळ वाचतो तेव्हा त्याला दिसतं, की सहा अक्षरी नावाच्या चलात काहीतरी मजकूर भरायचा आहे. अवतरण उघडलं आहे, ते मिटेपर्यंतचा विंडोजसाठीचा सगळा मजकूर तो निमूट गिळतो आणि पुढे त्याच्यासाठी लिहिलेल्या आज्ञांपाशी पोचतो.

तिसरा वाचक प्रोसेसर. त्याला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे. एम-झेड ही त्याच्या लेखी एक निरुपद्रवी आज्ञा: ढिगातली सर्वांत वरची वस्तू उचल. 'क्यू' म्हणजे, मागच्या हिशेबात आकडा ओसंडला नसेल तर पुढे उडी मार. किती, तर पुढच्या अक्षराइतकी, आणि मोठ्या एफचा आकडा आहे ७०. 'पी' म्हणजे, ओसंडला असेल तर उडी मार. मोठ्या डीचा आकडा ६८. ओसंडला असो वा नसो, उडी ठरलेलीच. पहिली उडी चार अक्षरं वाचून झाल्यावर, दुसरी सहा. चार आणि सत्तर, चौऱ्याहत्तर. सहा आणि अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. दोन्ही वाटा एकाच बाइटवर उतरतात, आणि त्या बाइटवर प्रोसेसरसाठी लिहिलेली खरी पहिली आज्ञा असते.